अकरा कामांतलं एक

शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, हत्याराला हात लावायचा नाही, हा झिराडकरांच्या घरचा नियम अलिबागहून मुंबईला आणि मुंबईहून कॅनडातल्या विंडसरला जसाच्या तसा आला होता. हत्यारांबद्दल बोलायला मात्र कुणी कधी हरकत घेतली नव्हती. म्हणून इझिकेलनं यादी शुक्रवारी दुपारीच, बायकोनं, सिल्व्हियानं, शब्बाथचे दिवे लावायच्या आत, लिहून ठेवली. आलेखाच्या कागदावर, ड्रॉइंगवर लिहितात तशा उभ्या अक्षरांत, अकरा कामं. शेवटी एक रेघ आणि रेघेखाली: 'आठवडा एक, माणसं चार. एक मोठं काम, एक लहान.' कागद फ्रिजवर लावला आणि तो अंघोळीला गेला.

फेब्रुवारीत तो नोकरीला होता तो कारखाना, त्याचं शॉप, बंद झालं होतं. चोवीस वर्षं त्यानं तिथे गाड्यांचे पत्रे दाबायच्या डाय बनवल्या, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून. बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात तो घराकडे वळला. किचनचे ड्रॉवर बाहेर काढले, ते बाहेरच राहिले. मागच्या डेकचा कठडा सोडवला, तो गवतावर पडून राहिला. बाजूचं फाटक बिजागऱ्यांवरून उतरवलं, त्यातून शेजाऱ्यांचा कुत्रा येऊ-जाऊ लागला. पाच कामं चालू होती आणि संपत एकही नव्हतं. शेवटी जूनमध्ये सिल्व्हियानं मुलाला फोनवर सांगितलं, "घर सगळं उकलून ठेवलंय रे त्यांनी. मी बसू कुठे, तेवढं तरी येऊन सांग."

त्यावर जोनाहनं एक आठवड्याची रजा टाकली आणि ऑगस्टमधल्या सिव्हिक हॉलिडेच्या लाँग वीकेंडला धरून व्हँकूवरजवळच्या कोक्विटलामहून आला. सिगल टोरांटोहून गाडी घेऊन आली. दोघं एकाच वेळी घरी असण्याला तीन वर्षं झाली होती.

*

सिगलनं भावाला ड्राइव्हवेमध्येच गाठलं. ट्रंकमध्ये ग्रोसरीच्या पिशव्या होत्या आणि घराच्या खिडक्या उघड्या होत्या, म्हणून ती हळू बोलत होती.

"किचन आणि डेक. दुसरं काही नाही. ती एजंट म्हणाली, बायर आधी किचन बघतो, मग बॅकयार्ड. बाकी सगळं पेंटवर भागतं."

"तू एजंटला घर दाखवलंस?"

"जूनमध्ये. हे दोघं डेट्रॉइटला लग्नाला गेले होते तेव्हा. डोंट लुक ॲट मी लाइक दॅट. मम्मीचा गुडघा बघितलास ना? पप्पांना इथे आता काम मिळणार आहे का? या वर्षी विंडसरमध्ये कुणाला मिळतंय?"

जोनाहनं दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि बेसमेंट?"

"ती खोली ड्रायवॉल मारून बंद करायची. अर्धवट पाइप दिसले की लोकांना वाटतं घरात काहीतरी बिघडलंय."

घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे आठ बाय सहाची ती जागा होती. चारी बाजूंना लाकडी सांगाडा, त्याला भिंती नाहीत. काँक्रीट फोडून बसवलेले पाइप, त्यांच्या तोंडांना प्लास्टिकची बुचं. एके काळी घरातले सगळे तिला 'आजीचं बाथरूम' म्हणत. तेरा वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. तिथे आता सुटकेसेस आणि विंटर टायर्स ठेवलेले असत.

"पप्पांना कोण सांगणार?" जोनाहनं विचारलं.

"विकायचं म्हणून सांगायचंच नाही. यादीतून किचन आणि डेक निवडायचं. तू एक मत दे, मी एक. मम्मी आपल्याच बाजूची आहे."

जोनाह हो म्हणाला. सिगलला हायसं वाटलं, आणि लगेच थोडी लाजही वाटली. आईबापांचं भलं बघायला ती आली होती हे खरं होतं. पण दर शुक्रवारी संध्याकाळी टोरांटोतल्या स्कारबरोच्या दोन खोल्यांत ती एकटी दिवा लावायची, शब्बाथचं मनुकांचं शरबत एकाच पेल्यात ओतायची आणि मम्मीला फोन करून पलीकडची भांडी वाजलेली ऐकत बसायची, हेही तितकंच खरं होतं. हे दोघं दहा मिनिटांच्या अंतरावर आले, तर ती पेल्यांचा अख्खा सेट विकत घेणार होती. तो तिनं बघूनही ठेवला होता.

*

शनिवारचं जेवण आटोपलं. नारळाच्या दुधातल्या मटणाचं पातेलं रिकामं झालं होतं. सिल्व्हियानं गुडघ्याखाली उशी सरकवली आणि यादी फ्रिजवरून काढून आणायला जोनाहला सांगितलं.

"आज लिहायचं नाही," इझिकेल म्हणाला. "खुणा करायच्या नाहीत."

"बदाम ठेवा," सिल्व्हिया म्हणाली. तिनं वाटीतून प्रत्येकापुढे दोन दोन बदाम मांडले. "एक मोठ्या कामावर, एक लहान कामावर."

इझिकेलनं कागद टेबलाच्या मधोमध सपाट केला आणि एकेक काम वाचून दाखवलं. वाचताना प्रत्येक कामाला किती दिवस, कुठलं लाकूड, कुठे अडचण येईल हेही सांगत गेला. किचनची कपाटं घासून रंगवणं, चार दिवस. डेकच्या फळ्या आणि कठडा, पाच दिवस, पाऊस नसला तर. फाटक, अर्धा दिवस. पुस्तकांची मांडणी. सिल्व्हियाची गोधडी, हे लहान काम, पण हात चार हवेत. सातव्या ओळीवर तो थांबला नाही. "सात, बेसमेंट, बाकी काम," असं एका श्वासात म्हणून आठव्यावर गेला.

सिल्व्हियानं नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस जणांच्या शॉपमध्ये सर्वांत बारीक मोजणारा माणूस म्हणून ज्याचं नाव होतं, तो अकरापैकी दहा कामांचे दिवस सांगत होता आणि एकाचे सांगत नव्हता. तरी त्यानं ते काम यादीत लिहिलं होतं. कुणी लिही म्हटलं नव्हतं. ती रात्रंदिवस बघत होती त्याला सहा महिने. पाच कामं उकलून ठेवून तो हातोडा घेऊन बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहायचा आणि परत फिरायचा.

जोनाहनं बदाम किचनवर ठेवला. सिगलनं डेकवर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे दोन्ही मोठी झाली, पण मी आणि जोनाह राहू थोडे दिवस जास्त."

"अहो, तुमचा?" सिल्व्हियानं विचारलं.

"मला काय, काहीही चालेल. तुम्ही सांगाल ते करायचं."

"मम्मी?" सिगल म्हणाली. "किचन ना?"

सिल्व्हियानं एक बदाम गोधडीवर ठेवला आणि दुसरा सातव्या ओळीवर.

इझिकेल कागदाकडे बघत म्हणाला, "ते उगाच लिहिलंय. यादी पुरी व्हावी म्हणून."

"आपल्याला लागणार आहे ते."

"कुणाला? तुला? तुझ्या गुडघ्याला बेसमेंटचा जिना झेपणार नाही."

"मला नाही. सॅम्सनभावजींना."

हे नाव या टेबलावर तेरा वर्षांत आलं नव्हतं. सॅम्सन इझिकेलचा थोरला भाऊ, इस्रायलमध्ये अश्दोदला राहणारा. आई त्याच्याकडे होती. तिला कॅनडाला आणायचं सगळं ठरलं होतं, व्हिसा हातात होता. इझिकेल म्हणत होता, बाथरूम पुरं होऊ दे, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं जिने किती चढायचे. मार्चचं मे झालं, मेचं ऑगस्ट, आणि ऑगस्टमध्ये त्याची आई, शेगुलाबाई, अश्दोदलाच वारल्या. पंधरा दिवसांनी भावाचं पत्र आलं. त्यात दोनच वाक्यं होती. 'तू खोली बांधत बसलास. आई थांबली नाही.' इझिकेलनं ते घडी घालून ठेवलं आणि उत्तर दिलं नाही.

"वर्ष झालं, दर शुक्रवारी फोन येतो त्यांचा," सिल्व्हिया म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम साधा ठेवला होता. "आधी तुम्ही कामावर असायचात तेव्हा, आता तुम्ही त्या रिझ्युमेच्या क्लासला जाता तेव्हा. मिरियमवहिनी वारल्या गेल्या वर्षी. एकटे आहेत. एकाहत्तर चालू आहे. आपल्या नव्या वर्षाला, नव्याच्या सणाला इथे यायचं म्हणतात, व्हिजिटर व्हिसा मिळालाय. तुम्ही या म्हटलंत तर तिकीट काढतील. नाही म्हटलंत तर मीच कळवीन, तुम्ही बोलायची गरज नाही."

इझिकेलनं आपले दोन बदाम उचलले, वाटीत परत टाकले आणि मागचं दार उघडून बाहेर गेला. कठडा नसलेल्या डेकवरून खाली उतरला, फाटक नसलेल्या वाटेनं रस्त्याला लागला आणि नदीच्या दिशेनं चालू लागला.

"तू आम्हाला का नाही सांगितलंस?" सिगल म्हणाली. "एक वर्ष? अ होल इयर, मम्मी?"

"तुम्ही दोघं हे घर विकायचं ठरवून आलात, ते सांगितलंत मला?"

सिगलनं डेकवरचा आपला बदाम बोटानं फिरवला.

"त्या एजंट बाईनं फर्नेसवर आपलं कार्ड ठेवलं होतं. मी काढलं म्हणून, नाहीतर पप्पांच्या हाती लागलं असतं." सिल्व्हियानं उशी नीट केली. "विकायला माझी ना नाही गं. कधीतरी विकावंच लागेल. पण ती खोली लिंपून बंद करून नाही. बंद केली की त्यांचं आयुष्य तिथेच राहील, सुटकेसेसच्या मागे."

जोनाहनं किचनवरचा आपला बदाम उचलला आणि सातव्या ओळीवर, आईच्या बदामाशेजारी ठेवला.

"जोनाह," सिगल म्हणाली.

"आय नो. सॉरी."

*

रविवारी सकाळी जोनाहला जाग आली ती खालून येणाऱ्या खरखरीनं. बेसमेंटमध्ये विंटर टायर्स फरशीवरून ओढल्याचा आवाज होता तो. तो चहा न घेताच खाली गेला.

सुटकेसेस जिन्याखाली रचल्या होत्या. इझिकेल त्या आठ बाय सहाच्या जागेत गुडघ्यांवर बसून लेव्हल लावत होता. लेव्हल शॉपमधली होती, लोखंडी, एवढीशी, कागद खाली सरकवला तरी बुडबुडा हलेल अशी.

"पाण्याचा उतार बरोबर आहे," तो मान वर न करता म्हणाला. "फुटाला पाव इंच. तेरा वर्षांत काँक्रीट कुठेही खचलेलं नाही."

"काय काय बाकी आहे?"

"पाण्याचे पाइप तपासायचे. वायर ओढायची. मग भिंती, मग टाइल्स. आठवड्यात टाइल्सपर्यंत पोचू, पुढचं मी करीन."

जोनाहनं टेप उचलला. बापाजवळ टेपचं दुसरं टोक धरून उभं राहायला त्याला लहानपणापासून आवडायचं. कोक्विटलामच्या कॉन्डोत त्याच्याकडे एक स्क्रूड्रायव्हर होता, तोही फर्निचरच्या खोक्यातून आलेला. भिंतीवर काही लावायचं तर बिल्डिंगला अर्ज करावा लागे. दोघांनी एक भिंत मोजली, मग दुसरी. तिसऱ्या भिंतीशी आल्यावर जोनाह म्हणाला, "पप्पा, मी मेमध्ये येणार होतो. त्या वर्षी."

"हं."

"तुम्ही टाइल्स आणून ठेवल्या होत्या. मला म्हणालात, सेमिस्टर संपलं की ये, दोघं मिळून लावू. आणि मी व्हँकूवरची को-ऑपची नोकरी घेतली. फोनवर सांगितलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, जा, चांगली संधी आहे." टेपचं टोक त्याच्या हातातून सुटलं आणि सर्रकन आत गेलं. "मी आलो असतो तर जूनपर्यंत झालं असतं हे. आजी आली असती. मला हे कुणाला सांगताच आलं नाही कधी."

इझिकेलनं लेव्हल खाली ठेवली. मुलाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. तेहेतीस वर्षांचा माणूस, कानाशी केस पांढरे व्हायला लागलेले. हे ओझं घेऊन हा तेरा वर्षं विमानानं ये-जा करत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

"बस," तो म्हणाला. जोनाह उलट्या बादलीवर बसला.

"हे मार्चमध्येच झालं असतं. तुझ्याशिवाय. मला टाइल्स लावायला माणूस लागतो का? हा उतार मी तीनदा फोडला. पहिल्या वेळीच बरोबर होता. तरी फोडला. दुसऱ्यांदा केला, तो पहिल्यापेक्षा वाईट झाला."

"मग का फोडला?"

इझिकेलनं काँक्रीटवरून तळहात फिरवला. "मी तेव्हा डबल शिफ्ट करत होतो. तुझी मम्मी टेलरिंगला जायची. तुम्ही दोघं बाहेर. आई इथे येणार म्हणजे काय, तर सहा महिने बर्फ आणि ही खिडकी. बोलणार कुणाशी? अश्दोदला खाली उतरलं की चार बायका मराठी बोलणाऱ्या. नवगावच्या, चौलच्या. भाजीवालीसुद्धा आपली. मला कळत नव्हतं, तिला आणणं तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी. आणि मला ती हवी होती रे. अकरा वर्षं झाली होती तिला सोडून. तिच्या हातचं नको, काही नको, नुसती ती या घरात कुठेतरी असावी असं वाटायचं. आणू का नको, ते ठरवता येत नव्हतं. काम पुरं झालं की बोलावतो, असं म्हटलं की ठरवावं लागत नव्हतं."

फर्नेसच्या पाइपात कुठेतरी टक् असा आवाज झाला.

"दादाचं पत्र बरोबर होतं," इझिकेल म्हणाला. "म्हणून उत्तर नाही दिलं. चुकीचं असतं तर भांडलो असतो."

जोनाहनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. इझिकेलनं तो ठेवू दिला, मग म्हणाला, "तुझा यात काही संबंध नाही. कळलं? एक टक्का नाही. आता ऊठ, वायर आणायला जायचंय."

*

वर, समोरच्या खोलीत, सिल्व्हियानं जमिनीवर सात लुगडी पसरायला लावली होती. शेगुलाबाईंची लुगडी, सॅम्सननं मागच्या हिवाळ्यात पार्सलनं पाठवलेली. पार्सल सिल्व्हियानं नवऱ्याला दाखवलं होतं. कुणाकडून आलं ते त्यानं विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं, आणि परवा यादी करताना त्यानं आपणहून 'सिल्व्हियाची गोधडी' असं लिहिलं होतं.

"कुठली कापायची आणि कुठली ठेवायची, ते मला ठरवता येत नाहीये," ती खुर्चीतून म्हणाली. "तू सांग."

सिगल मांडी घालून मधोमध बसली होती. कालपासून ती आईशी कामापुरतंच बोलत होती. तिनं एक हिरवं लुगडं हातात घेतलं, मऊ झालेलं, काठाशी विरलेलं. "हे विरलंय. हे कापू."

"ते आजी मुंबईच्या विमानतळावर नेसल्या होत्या. आपण निघालो तेव्हा. तुला आठवत नसेल, सहा वर्षांची होतीस."

सिगलनं ते बाजूला ठेवलं. मग विचारलं, "काका पहिल्या फोनवर काय म्हणाले?"

"मिरियमवहिनी गेल्याचं सांगितलं. मग म्हणाले, टाइल्स लागल्या का गं भिंतीला?" सिल्व्हियानं चष्मा काढून पदराच्या जागी टी-शर्टच्या टोकाला पुसला. "ते पत्र टाकलं त्याच दुपारी ते पोस्टात परत मागायला गेले होते. पेटी उघडून पत्रं गेली होती तोवर. मला गेल्या वर्षी सांगितलं हे."

"पप्पांना माहीत आहे?"

"मी नाही सांगितलं. त्यांचं त्यांनीच सांगावं."

सिगल दुसऱ्या लुगड्याच्या घड्या मोडत राहिली. शेवटची घडी मोडून म्हणाली, "मम्मी, मला वाटलं होतं तुम्ही टोरांटोला याल. मी तुमच्यासाठी म्हणून करत होते, पण माझ्यासाठीच होतं ते. आय गेट सो लोनली ऑन फ्रायडेज."

सिल्व्हियाला खाली वाकता येत नव्हतं. तिनं पाय लांब केला आणि पावलानं मुलीच्या पाठीला हलकेच स्पर्श केला.

"चार तासांचा रस्ता आहे," ती म्हणाली. "दर शुक्रवारी नको. एक आड एक ये."

"आणि तुम्ही?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मी येते बसनं. एकटी. त्यांना दोघा भावांना इथे भांडू दे."

सिगल हसली आणि हसताना तिचे डोळे भरले. तिनं कात्री उचलली. दोघींनी मिळून तीन लुगडी कापायची आणि चार ठेवायची असं ठरवलं. हिरवं ठेवायच्या चारांत गेलं.

*

सोमवारी सुट्टी होती. दहा वाजेपर्यंत पाइपांची तपासणी झाली, एक जोड बदलावा लागला, बाकी सगळे धरून होते. जोनाह ड्रायवॉलच्या पाट्या उतरवायला गॅरेजमध्ये गेला. इझिकेल एकटाच सांगाड्यासमोर उभा राहिला.

भिंत बंद करायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागणार होती. शॉवरशी धरायचा दांडा लागतो, आणि तो माणसाचं वजन पेलणार असेल तर आत, दोन उभ्या वाशांच्या मध्ये, आडवं लाकूड ठोकावं लागतं. एकदा भिंत लागली की ते ठोकता येत नाही. किती उंचीवर ठोकायचं हे पुस्तकात दिलेलं असतं. इझिकेलला ते तोंडपाठ होतं. पण पुस्तक कुठल्याही माणसासाठी असतं, आणि त्याला नुसत्या अंदाजानं काही ठोकायची सवय नव्हती.

तो वर आला. सिल्व्हिया किचनमध्ये बटाटे सोलत होती. त्यानं हात पुढे केला. तिनं काही न विचारता ॲप्रनच्या खिशातून नंबर लिहिलेली चिठ्ठी काढून दिली. तो कॉर्डलेस फोन घेऊन परत खाली गेला, बादली उलटी करून तिच्यावर बसला आणि नंबर लावला. अश्दोदला संध्याकाळचे पाच वाजले असतील.

पलीकडे कुणीतरी हिब्रूत काहीतरी म्हणालं.

"दादा," तो म्हणाला. "मी इझू."

टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"बोल," सॅम्सन म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता, पण 'बोल' तसंच होतं, अलिबागच्या ओटीवरून हाक मारल्यासारखं.

इझिकेलनं शनिवारी नदीकाठी बसून चार वाक्यं ठरवली होती. काल रात्री झोपेपर्यंत ती पाठ होती. आता त्यातलं एकही जिभेवर येईना.

"इथे भिंत उघडी आहे अजून," तो म्हणाला. "आत धरायला दांडा लावायचाय. त्याचं लाकूड आधी ठोकावं लागतं, मग भिंत बंद करता येते. म्हणून विचारतो. तुझा हात आरामात कुठवर जातो?"

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"उजवा की डावा?" सॅम्सननं विचारलं.

"उजव्याला काय झालं?"

"खांद्यात आखडतो. दोन वर्षं झाली. वर नेता येत नाही."

"मग डाव्या बाजूला लावतो."

"थांब. मोजून सांगतो."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली. खण उघडला, बंद झाला, दुसरा उघडला. सॅम्सन स्वतःशीच काहीतरी पुटपुटत टेप शोधत होता. इझिकेल फोन कानाला घट्ट धरून ते सगळं ऐकत होता, चप्पल फरशीवर घासत गेल्याचं, परत आल्याचं, वाकताना कण्हल्याचं. तेरा वर्षांत भावाच्या घरातला हा पहिला आवाज होता.

"ब्याऐंशी सेंटिमीटर," सॅम्सन फोन उचलून म्हणाला. "उभं राहून. बसल्यावर कमी होईल."

"सव्वाबत्तीस इंच," इझिकेल म्हणाला. कानामागची पेन्सिल काढून त्यानं वाशावर टेप लावला आणि खूण केली. मग ती पुसून, पुन्हा मोजून, तिथेच केली.

"इझू."

"हं."

"आईसाठी उंची किती ठेवली होतीस?"

इझिकेलनं शेजारच्या वाशाकडे पाहिलं. तिथे तेरा वर्षांपूर्वीची पेन्सिलची बारीक रेघ होती आणि रेघेशेजारी त्याच्याच अक्षरात आकडा.

"एकतीस," तो म्हणाला. "मी इथून अंदाजानंच धरली. फोटो बघून. तुझ्या पत्र्याच्या दाराशी ती उभी आहे ना, त्या फोटोवरून."

सॅम्सन स्वतःलाच सांगावं तसं, हळू आवाजात म्हणाला, "बरोबर आहे. तेवढाच हात पोचायचा तिचा शेवटी. बरोबर धरलीस."

इझिकेलनं टेप मिटवला. गॅरेजच्या बाजूनं जोनाह पाटी घेऊन जिना उतरत होता, पायरी चाचपत, एकेक. दोन्ही बाजूंनी कुणी फोन खाली ठेवला नाही.